दाणा आणि प्रसाद



आजचं वाचन: गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४. सोबत ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या पोपट आणि नळीच्या ओव्या.

६२ आणि ६३ हे श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. भगवंत एक साखळी सांगतात. माणूस एखाद्या विषयाचा विचार करत बसतो, त्यातून त्याची ओढ लागते. ओढीतून इच्छा होते. इच्छेच्या आड काही आलं की राग येतो. रागातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृती गेली की बुद्धी गेली, आणि बुद्धी गेली की माणूसच गेला.

मी दिवसभर ऑफिसात लॉग वाचतो. सिस्टीम पडते तेव्हा शेवटच्या ओळीत मोठ्ठा एरर दिसतो, पण खरं कारण चाळीस ओळी वर कुठेतरी असतं, आणि ती ओळ अगदी साधी दिसते. त्यामुळे हे श्लोक मला कायमच जवळचे वाटायचे. "वा, काय रूट कॉज अॅनालिसिस आहे!" असं मी मित्रांना सांगायचो. म्हणजे कौतुक होतं, पण ते दुसऱ्याच्या सिस्टीमचं कौतुक होतं.

गेल्या गुरुवारी ते माझ्या घरात आलं.

संध्याकाळची वेळ. आमची लेक, पाच वर्षांची, हॉलमध्ये फरशीवर बसून चित्र रंगवत होती. माझा फोन टेबलावर वाजला. ऑफिसच्या अलर्टला मी एक वेगळा टोन लावून ठेवलाय, तो. मी अजून उठलोही नव्हतो. तिनं खडू डबीत भरले, कागद गोळा केला, आणि उठून आतल्या खोलीत निघाली.

मी विचारलं, "काय गं, कुठे निघालीस?"

"तुला आता राग येणार ना, बाबा."

तक्रार नव्हती त्यात. आभाळ भरून आलंय, वाळत घातलेले कपडे आत घ्या, असं म्हणावं तसं म्हणाली आणि गेली. दार हळूच लोटून घेतलं. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

अलर्ट खोटाच निघाला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. टोन वाजतो, बाबा फोन उचलतो, बाबाच्या कपाळाला आठ्या पडतात, मग काहीही विचारलं की बाबा ओरडतो. हा क्रम तिनं स्वतः पाहून पाहून शिकला होता. आणि आता तिला शेवटपर्यंत थांबायची गरज उरली नव्हती. पहिल्या आवाजालाच ती उठत होती.

सारसबागेबाहेरचा पोपट

त्या रात्री मला लहानपणचा एक प्रसंग आठवला. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेऊन मी आणि बाबा बाहेर आलो होतो. भेळेच्या गाड्यांच्या थोडं पुढे फुटपाथवर एक पोपटवाला बसायचा. समोर पाकिटांची रांग, बाजूला लाकडी पिंजरा. कोणी पैसे दिले की तो पिंजऱ्याचं दार वर करायचा. पोपट तुरुतुरु बाहेर यायचा, पाकिटांच्या रांगेवरून चालायचा, चोचीनं एक उचलून टाकायचा, दुसरं उचलून टाकायचा, मग एक पाकीट मालकाच्या हातात द्यायचा. एक दाणा घ्यायचा आणि आपणहून पिंजऱ्यात परत जायचा. दार खाली.

मला सगळ्यात आश्चर्य कशाचं वाटलं असेल तर त्या परत जाण्याचं. मी बाबांना विचारलं, "तो उडून का जात नाही?" बाबा म्हणाले, "अरे, पंख छाटलेत त्याचे. आणि आता त्याला तेच माहितीये."

(हे सांगायलाच हवं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. त्यामुळे आता असे पोपटवाले फारसे दिसत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. कुठे दिसला तर चिठ्ठी काढू नका.)

मराठीत आपण न समजता केलेल्या पाठांतराला पोपटपंची म्हणतो. पण तो पोपट बोलत नव्हता. तो एक क्रम पार पाडत होता. पक्षी असा क्रम शिकतो तरी कसा? गेल्या आठवड्यात मी त्याबद्दल बरंच वाचलं, आणि वाचता वाचता हे श्लोक वेगळेच दिसायला लागले.

खूण, कृती, दाणा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी अनेक वर्षं कबुतरांवर प्रयोग केले. तत्त्व साधं आहे. एखादी खूण दिसली, पक्ष्यानं एखादी कृती केली आणि दाणा मिळाला, की ती खूण दिसल्यावर तीच कृती पुन्हा व्हायची शक्यता वाढते. एवढंच. आता क्रम शिकवायचा तर युक्ती अशी की पहिली कृती झाल्यावर दाणा द्यायचा नाही, फक्त पुढची खूण दाखवायची. ती खूण दाण्याच्या एक पाऊल जवळची, म्हणून तीच छोट्या बक्षिसासारखी होते. दार उघडलं ही खूण, बाहेर येणं ही कृती. बाहेर आल्यावर पाकिटं दिसतात, ते आधीच्या कृतीचं बक्षीस, आणि तीच पुढच्या कृतीची खूण. प्रत्येक कडी मागच्या कडीचं फळ असते आणि पुढच्या कडीचं बी. बरेचदा प्रशिक्षक शेवटची कडी आधी शिकवतात आणि एकेक कडी मागे जोडत येतात, कारण दाणा शेवटाला बांधलेला असतो.

दुसरा प्रकार जास्त अवघड आहे. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हर्बर्ट टेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांसमोर चार रंग एकाच वेळी ठेवले. ठरलेल्या क्रमानं चारही रंगांवर चोच मारली तरच दाणा. मध्ये कुठलीही नवी खूण नाही, आणि रंगांच्या जागा दर वेळी बदललेल्या. बँकेच्या अॅपवर पिन टाकताना आकड्यांच्या जागा कधीकधी बदललेल्या असतात ना, तसं. बोटांच्या सवयीवर भागत नाही, क्रम डोक्यात लागतो. कबुतरं हेही शिकली! ज्यांना आपण बाल्कनीला जाळी लावून हाकलतो, तीच ही कबुतरं.

पण नंतरच्या चाचण्यांत एक गंमत दिसली. अ, ब, क, ड असा क्रम शिकलेल्या कबुतराला चारांपैकी दोनच रंग दाखवले. जोडीत पहिला किंवा शेवटचा रंग असेल तर ते बरोबर क्रमानं टिपायचं. पण मधली जोडी, म्हणजे ब आणि क, दाखवली की ते गडबडायचं. नाणं उडवावं तसं उत्तर. हाच क्रम शिकलेली माकडं मात्र मधल्या जोडीतही बरोबर उत्तर द्यायची. म्हणजे पूर्ण माळ दोघांनाही येत होती, पण मधून विचारलं की फरक कळायचा.

हे वाचून मला हसूच आलं, कारण अथर्वशीर्ष म्हणताना मध्येच कोणी विचारलं, "या ओळीच्या पुढची कुठली?" तर मला सुरुवातीपासून म्हणावं लागतं. तुमचंही तेच होतं की नाही, खरं सांगा.

गीतेची साखळी

आता परत श्लोकांकडे. चिंतन, ओढ, इच्छा, राग, संमोह, स्मृतिभ्रंश. इथेही प्रत्येक कडी मागच्या कडीतून निघते आणि पुढच्या कडीला हाक मारते. रागापाशी पोहोचल्यावर "आता राग आवर" असं सांगणं म्हणजे पाकिटांवर उभ्या असलेल्या पोपटाला "आता उचलू नकोस" म्हणण्यासारखं आहे. तिथं खूण समोर आहे, दाणा जवळ आहे, सवय पूर्ण वेगात आहे.

माझी साखळी मी कागदावर लिहून काढली. टोन वाजतो. त्याआधी मात्र एक कडी असते, जी मला कधी दिसली नव्हती. टोन वाजण्याच्या कितीतरी आधीपासून मी मनात "माझं रिलीज, माझं रेटिंग, माझं नाव" हेच घोळवत असतो. तेच ते ध्यान. गीतेत तो शब्द इथे विषयांसाठी वापरलाय, आणि तो मला फार झोंबला, कारण सकाळी मी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो त्यालाही मी ध्यानच म्हणतो. सकाळचं दहा मिनिटं आणि हे दुसरं दहा तास. कोणतं पक्कं होणार?

मग टोन, मग धास्ती, मग "आत्ताच का?", मग समोर जो असेल त्याच्यावर आवाज चढणं. आणि दाणा कुठला? दाणा होता. ओरडलं की घर शांत व्हायचं, मला काम करायला मिळायचं. माझं ओरडणं मला बक्षीस देत होतं. हे लिहायला लाज वाटतेय, पण साखळी पूर्ण लिहायची तर दाणा लिहायलाच हवा.

मग दोष कोणाचा?

इथं एक प्रश्न येतो, आणि तो टाळता येणार नाही. सगळं जर खूण, कृती आणि दाण्यानं घडत असेल, तर माझा दोष काय? मीही असाच घडलो. ऑफिसनं घडवलं, शाळेनं घडवलं. स्किनरनी १९७१ मध्ये 'बियाँड फ्रीडम अँड डिग्निटी' हे पुस्तक लिहून जवळजवळ हेच म्हटलं. आतून स्वतंत्रपणे ठरवणारा कोणी माणूस बसलाय ही आपली समजूत सोडून द्या, वागणं परिस्थिती घडवते, म्हणून परिस्थिती बदला.

मला यातलं अर्धं पटतं. परिस्थिती बदला हे तर पटतंच, त्याकडे शेवटी येतो. पण ज्ञानेश्वर महाराज सहाव्या अध्यायात जो पोपट दाखवतात, तो या पुस्तकातल्या पक्ष्याहून वेगळा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. त्यांच्या श्रोत्यांना पोपट धरायची ही रीत माहीत असणार. फिरती नळी टांगलेली असते. पोपट तिच्यावर बसतो, त्याच्या वजनानं नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. खरं तर त्यानं पाय सोडले की तो उडाला. पण त्याला वाटतं आपण अडकलो, म्हणून तो नळी अजून घट्ट धरतो. माऊली विचारतात, याला बांधलं कोणी? अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडत नाही.

नळी फिरली हा पोपटाचा दोष नाही. टोन वाजला हा माझा दोष नाही. पण पाय कोणाचे? पकड कोणाची? माऊलींनी ही उपमा दिलीय ती आपणच आपला उद्धार करावा, आपणच आपले मित्र आणि आपणच शत्रू, या श्लोकावर. घडवलेला असूनही ज्याला आपली पकड दिसू शकते, त्याची जबाबदारी तिथून सुरू होते. गुरुवारच्या आधी मला माझी साखळी दिसत नव्हती. आता दिसलीय. आता "मी असाच आहे" म्हणता येणार नाही.

मात्र एक काळजी घ्यायला हवी. सारसबागेबाहेरचा पोपट आणि माऊलींचा पोपट एक नाहीत. पहिल्याचे पंख दुसऱ्या कोणीतरी छाटले होते. त्याला "सोड नळी, तू मुक्तच आहेस" असं सांगणं क्रूरपणा आहे. आपण सत्संगात बसणारी माणसं ही चूक फार सहज करतो. कोणी घरातल्या छळाबद्दल सांगतं, कोणी औषधोपचार लागेल अशा नैराश्याबद्दल सांगतं, आणि आपण म्हणतो "मनाची पकड सोड." नाही. आधी त्याचे पंख बघा. पकड सोडायचा उपदेश पहिल्यांदा स्वतःला करावा. माझी लेक त्या दिवशी उठून आत गेली, तेव्हा पंख तिचे छाटले जात होते आणि नळी मी धरली होती.

आणि माझा हरिपाठ?

आता दुसरा, मला जास्त टोचलेला प्रश्न. संध्याकाळी दिवा लागतो, मी हरिपाठ म्हणतो. दिवा ही खूण, हरिपाठ ही कृती. मग ही साखळी नाही का?

१९४८ मध्ये स्किनरनी एक गमतीदार निबंध लिहिला, कबुतराच्या अंधश्रद्धेवर. भुकेल्या कबुतरांना पेटीत ठेवलं, आणि ती काहीही करोत, दर पंधरा सेकंदांनी दाणा समोर येईल अशी व्यवस्था केली. कृतीचा आणि दाण्याचा काहीच संबंध नाही. तरी आठांपैकी सहा कबुतरांचे ठरलेले 'विधी' तयार झाले. एक गोल गोल प्रदक्षिणा घालायचं, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं घुसवायचं, कोणी शरीर लंबकासारखं हलवायचं. स्किनरचं म्हणणं, पक्षी असा वागतो की जणू त्याच्या कृतीमुळेच दाणा येतोय. १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या दोघांनी तो प्रयोग बारकाईनं पुन्हा केला आणि वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते यातल्या बऱ्याच हालचाली म्हणजे दाण्याची वाट बघताना पक्षी एरवीही करतो त्या हालचाली. अंधश्रद्धा म्हणायची गरज नाही. वाद आहे. पण माझ्या डेस्कवर एक छोटा गणपती आहे आणि त्याच्या पायाला बोट लावल्याशिवाय मी डिप्लॉय करत नाही. ती भक्ती आहे का प्रदक्षिणा घालणारं कबुतर, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मला आधी वाटलं, याला एक सोपी कसोटी आहे. दाणा बंद करा. दाणा बंद केला की शिकवलेली कृती हळूहळू विझते. मग जे दाणा बंद झाल्यावरही टिकतं, ती भक्ती. निष्काम कर्म म्हणजे हेच की! मी खूश झालो, तसं लिहायलाही घेतलं.

पण ते टिकत नाही. फर्स्टर आणि स्किनर यांचं १९५७ चं जाडजूड काम आहे, दाणा कधी आणि किती वेळानं द्यायचा याच्या वेळापत्रकांवर. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. दर वेळी दाणा दिला तर तो बंद झाल्यावर कृती लवकर विझते. पण कधीतरीच, अनियमितपणे दिला, तर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही पक्षी हजारो वेळा चोच मारत राहतो. लॉटरी लावणारा असाच अडकतो, आणि आपण रील्स वर सरकवत राहतो ते असंच. मग "देव कधीतरी पावेलच" म्हणून वर्षानुवर्षं चाललेली उपासना? नुसती टिकली म्हणून ती निष्काम ठरत नाही. फार तर चिवट ठरते.

तर ही कसोटी गेली. तिथं मी दोन दिवस अडकलो. मग आजी आठवली.

आजी

आजीला शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश होता. गीतेतला स्मृतिभ्रंश रागातून येतो, आजीचा आजारातून आला होता. शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत, त्यांची गल्लत नको. ती माझं नाव विसरली, बाबांना कधी कधी आपला भाऊ समजायची. पण दिवा लागला की हात जोडले जायचे आणि हरिपाठ सुरू. एक शब्द चुकायचा नाही. मध्ये कोणी बोललं की मात्र अडायची, आणि तो अभंग पहिल्यापासून. अगदी त्या कबुतरांसारखी. नातेवाईक म्हणायचे, "बघा, नाम राहिलं." मी इंजिनिअर, मी मनात म्हणायचो, सवय राहिली.

तिला सांभाळायला एक मावशी यायच्या. त्या दुपारी चहा घेऊन आल्या की आजी कप हातात घ्यायची, त्यांच्याकडे बघायची, कोण आहेत हे तिला ठाऊक नसायचं, आणि कप त्यांच्याकडे सरकवायची. "आधी तू घे गं." रोज. मावशींना शेवटी दोन कप आणायची सवय लागली.

तिथं दिवा नव्हता. आधीची ओळ नव्हती. समोर अनोळखी माणूस आणि हातात चहा, एवढंच. मधल्या जोडीचा प्रश्न होता तो, आणि आजीचं उत्तर बरोबर यायचं.

तुम्ही म्हणाल, तीही सवयच. सत्तर वर्षं आधी दुसऱ्याला वाढून मग जेवलेली बाई ती, हातालाच वळण पडलेलं. मान्य. मीही तेच म्हणतो. मला आता वाटतं की 'सवय की भक्ती' हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होतो. भगवंत स्वतः सहाव्या अध्यायात अर्जुनाला चंचल मनावर उपाय सांगतात तो अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं. म्हणजे सवय ही शत्रू नाही, साधन आहे. विचारायचं ते वेगळंच. साखळीच्या शेवटी दाणा कोणाच्या तोंडात जातो?

पोपटाची साखळी त्याला एका दाण्यापाशी आणायची आणि कमाई मालकाच्या खिशात. माझ्या रागाच्या साखळीच्या शेवटी शांतता मला मिळायची आणि भीती लेकीला. आजीच्या साखळीच्या शेवटी चहा मावशींना मिळायचा.

आणि आता ६४ वा श्लोक वाचा. नाशाच्या साखळीनंतर लगेच भगवंत दुसरी वाट सांगतात. विषय सोडून पळा असं ते म्हणत नाहीत. विषयांत वावरा, पण ओढ आणि द्वेष यांच्या तावडीत नसलेल्या इंद्रियांनी वावरा, म्हणजे प्रसाद मिळतो. टीकाकार प्रसाद म्हणजे मनाची प्रसन्नता, निर्मळपणा असा अर्थ सांगतात, आणि इथं तोच अर्थ आहे. पण मराठी कानाला देवळातला प्रसादही ऐकू येतोच. दाणा बरोबर वागल्याबद्दल मिळतो आणि ज्याला मिळाला तोच खातो. प्रसाद हिशोबानं मिळत नाही, आणि एकट्यानं खायचा नसतो. हातावर पडला की आपण आधी शेजारच्याला देतो. लहानपणी आजीनंच ते वळण लावलं होतं.

आता काय करतोय

परिस्थिती बदला हे स्किनरचं अर्धं मी घेतलंय. दिवा लावायच्या आधी फोन चपलांच्या कपाटावरच्या ड्रॉवरमध्ये जातो. ऑन-कॉलच्या आठवड्यात तसं करता येत नाही, तेव्हा टोन बदललाय, आणि वाजला की आधी लेकीला सांगतो, "बाबाला काम आलंय, तुझ्यावर राग नाहीये." मग उचलतो. म्हणजे त्याच खुणेला दुसरी कृती जोडायचा प्रयत्न. माऊलींचं अर्धं जास्त अवघड आहे. दिवसभर मनात जे 'माझं, माझं' घोळतं, ती पकड ढिली करणं. तिथं नामाचा मला उपयोग होतो. चमत्कार म्हणून नाही, तर मन ज्या रिकाम्या जागेत तेच ते घोळवतं ती जागा नाम अडवतं म्हणून.

चौथ्याच दिवशी मी चुकलो. आवाज चढला. ती आत गेली. मी मागोमाग जाऊन तिच्यापाशी बसलो आणि "चुकलं माझं" म्हणालो. ती काही बोलली नाही, चित्र काढत राहिली.

शिकलेली भीती एकदम जात नाही. विझली असं वाटतं आणि मध्ये काही दिवस गेले की पुन्हा डोकं वर काढते. हे पाव्हलॉवच्या काळापासून माहीत आहे. त्यामुळे मी घाई करत नाही, आणि "बघ, बाबा आता ओरडत नाही" असं तिच्याकडून वदवूनही घेत नाही. तो परत माझाच दाणा झाला असता.

काल कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिनं मान वर करून आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा खाली घालून रंगवायला लागली. उठली नाही. एवढंच झालं.

आजचा छोटा संकल्प: आज रात्री झोपण्याआधी आपली एक साखळी कागदावर लिहून काढा. रागाची, हेव्याची, कसलीही. पहिली खूण कोणती आणि शेवटचा दाणा कोणाच्या तोंडात जातो, हे दोन्ही लिहा. आणि तुमच्या त्या खुणेला घरातलं कोण उठून आत जातं, तेही लिहा.

राम कृष्ण हरी.